विधवेचा वाटा आणि गुलामांची वाटणी

गुलामगिरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे चाबूक, साखळदंड आणि भर बाजारातला लिलाव अशी तीन चित्रे उभी राहतात. ती खोटी नाहीत. परंतु अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलामांच्या असंख्य कुटुंबांची ताटातूट झाली ती एका अगदी सभ्य, घरगुती आणि कायदेशीर प्रसंगाने. तो प्रसंग म्हणजे धन्याचा मृत्यू. धनी चांगला असो की वाईट, तो गेल्याची बातमी आली की वाड्यात शोक सुरू होई आणि गुलामांच्या झोपड्यांत भीती शिरे. मग कोर्टाने नेमलेले पंच येत. खाटा-खुर्च्या, गाईबैल, डुकरे आणि माणसे यांची एकाच यादीत मोजदाद होई, प्रत्येक नावापुढे किंमत पडे आणि वारसांच्या वाटण्या होत.

पुढे अमेरिकेतील मोठा वक्ता आणि गुलामगिरीविरुद्धचा झुंजार पुढारी म्हणून प्रसिद्धीस आलेला फ्रेडरिक डग्लस लहानपणी या मोजदादीतून गेला होता. त्याचा मेरीलँडमधील धनी आरन अँथनी १८२६ साली मृत्युपत्र न करता वारला. त्या वेळी आठ-नऊ वर्षांच्या या पोराला बाल्टिमोरहून मुद्दाम परत आणून घोड्या-मेंढरांच्या रांगेत उभे केले गेले. १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने तो प्रसंग लिहून ठेवला आहे. आपण कोणाच्या वाट्याला जाणार, आई-आजीपासून किती कोसांवर फेकले जाणार, हे ठरविण्याच्या कामी त्या माणसांना एका शब्दाचाही अधिकार नव्हता.

या वाटणीत एक वाटा विधवेचा असे. त्या वाट्याचे स्वरूप समजून घेतले, म्हणजे गुलामगिरीचे यंत्र आतून कसे चालत होते हे फार स्पष्ट दिसते. म्हणून आजचा विषय त्या एका वाट्यापुरता ठेवला आहे.

प्रथम कायदा पाहू. अमेरिकेतील बहुतेक वसाहतींनी इंग्लंडचा जुना कायदा आपल्याबरोबर नेला. त्या कायद्याने लग्न झालेल्या स्त्रीला स्वतंत्र अस्तित्वच नव्हते. तिची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई, जमिनीचा कारभार नवऱ्याकडे जाई, आणि तिला स्वतःच्या नावाने करारसुद्धा करता येत नसे. या अन्यायावर एकच उतारा ठेवलेला होता. नवरा वारल्यावर त्याच्या स्थावर मालमत्तेचा तिसरा हिस्सा विधवेला तहहयात मिळे. तिने तो उपभोगावा, त्याचे उत्पन्न खावे. पण तो तिला विकता येत नसे, कोणाला देताही येत नसे. ती गेली की तो हिस्सा नवऱ्याच्या वारसांकडे परत जाई. आपल्याकडे हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. १९५६ पूर्वी हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत जो हक्क असे, तोही असाच मर्यादित होता. ‘खा, पण हात लावू नको’ असा तो हक्क.

आता यात गुलाम कोठे आले? येथे व्हर्जिनिया वसाहतीचे दोन कायदे लक्षात ठेवले पाहिजेत. पहिला १६६२ सालचा. त्याने ठरविले की मूल स्वतंत्र की गुलाम, हे आईच्या स्थितीवरून ठरेल. इंग्लंडात वंश, नाव आणि वारसा बापावरून चाले. येथे मात्र मालकांनी तो नियम उलटा केला. कारण उघड आहे. आई ज्याची, तिची लेकरे त्याची. मग बाप कोणी का असेना, खुद्द धनी का असेना! दुसरा कायदा १७०५ सालचा. त्याने वारशाच्या कामापुरते गुलामांना स्थावर मालमत्ता ठरविले. चालती-बोलती माणसे कायद्याच्या पुस्तकात जमिनीसारखी झाली. हेतू असा, की जमीन आणि ती कसणारे हात एकत्र राहावेत. परंतु त्याचा परिणाम असाही झाला, की विधवेचा तिसरा हिस्सा जसा जमिनीत, तसाच माणसांतही निघू लागला.

हा कायदा प्रत्यक्षात कसा चालला याचे उदाहरण अमेरिकेच्या सर्वांत थोर मानलेल्या घरातूनच घेतो. १७५७ साली व्हर्जिनियातील डॅनियल पार्क कस्टिस नावाचा गडगंज जमीनदार वारला. त्यानेही मृत्युपत्र केलेले नव्हते. मागे सव्वीस वर्षांची विधवा मार्था आणि दोन लहान मुले. वाटणीत विधवेच्या तहहयात हिश्शात ऐंशीहून अधिक गुलाम आले. १७५९ च्या जानेवारीत या मार्थाने जॉर्ज वॉशिंग्टन नावाच्या सैन्याधिकाऱ्याशी पुनर्विवाह केला. पुढे हाच गृहस्थ स्वातंत्र्ययुद्धाचा सेनापती आणि संयुक्त संस्थानांचा पहिला अध्यक्ष झाला. लग्नाने त्या गुलामांचा कारभार वॉशिंग्टनकडे आला, मालकी मात्र आली नाही. मूळ धनी होते कस्टिसचे वारस. एखादा गुलाम पळाला किंवा विकला गेला, तर कस्टिसच्या इस्टेटीला त्याची भरपाई द्यावी लागली असती.

चाळीस वर्षांत ऐंशीचे दीडशे झाले. ते कसे, हे १६६२ चा कायदा सांगतो. माणसे विकत आणावी लागली नाहीत. स्त्रियांना मुले झाली आणि ती जन्मतःच विधवेच्या खात्यात जमा झाली. १७९९ साली माउंट व्हर्नन येथील वॉशिंग्टनच्या शेतवाडीवर ३१७ गुलाम होते. त्यांपैकी वॉशिंग्टनच्या स्वतःच्या मालकीचे १२३. मार्थाच्या तहहयात हिश्शातले १५३. आणि सुमारे ४० जण शेजारच्या पेनेलपी फ्रेंच नावाच्या बाईंकडून भाड्याने घेतलेले. या बाईसुद्धा विधवाच, आणि त्या गुलामांवर त्यांचाही हक्क तहहयातच! म्हणजे ३१७ पैकी १९३ माणसे या ना त्या विधवेच्या हक्काच्या वाटेने त्या शेतात राबत होती. विधवेला कायद्याने आधार दिला खरा; पण तो आधार दुसऱ्या माणसांच्या पाठीवर ठेवलेला होता.

त्या १५३ जणांच्या खात्यातून एक मुलगी आधीच निसटली होती. तिचे नाव ओनी जज. मार्थाच्या हिश्शातील बेटी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या दासीची ही लेक. बाप गोरा इंग्रज शिंपी. आई मार्थाच्या खात्यात, म्हणून मुलगीही त्याच खात्यात. अध्यक्षांचा मुक्काम फिलाडेल्फिया येथे असताना ओनी मार्थाची खास दासी होती. मार्थाच्या नातीचे लग्न झाले होते आणि आपल्याला तिच्याकडे भेट म्हणून धाडणार, असे ओनीच्या कानावर आले. २१ मे १७९६ रोजी घरची मंडळी जेवत असताना ती बाहेर पडली आणि जहाजाने उत्तरेस न्यू हॅम्पशायरमधील पोर्टस्मथला पोचली. वॉशिंग्टनने तेथील जकात अधिकाऱ्यामार्फत तिला परत आणण्याची खटपट केली. ओनीने निरोप धाडला, की धनी आणि धनीण यांच्या पश्चात मला मुक्त करण्याचे वचन मिळत असेल तर मी येते. राष्ट्राच्या अध्यक्षाने ती अट नाकारली. स्वभावाचा भाग सोडला तरी कायद्याप्रमाणे तसे वचन देण्याचा अधिकार त्याला नव्हता, आणि मार्थालाही नव्हता. दोघेही तिच्याकडून काम घेऊ शकत होते. तिला सोडू मात्र शकत नव्हते.

येथे या कायद्याची खरी गोम कळते. विधवेचा हक्क माणसांना राबविण्यापुरता पूर्ण होता आणि त्यांना मुक्त करण्यापुरता शून्य होता.

वॉशिंग्टनने १७९९ च्या जुलैमध्ये मृत्युपत्र केले. आपले १२३ गुलाम मार्थाच्या मृत्यूनंतर मुक्त व्हावेत, असे त्यात लिहिले. लगेच का नाही? त्याचे कारणही त्याने दिले आहे. त्याचे गुलाम आणि मार्थाच्या हिश्शातले गुलाम यांची आपसांत लग्ने झालेली होती. एकाला सोडावे तर दुसरा मागे राहतो, आणि त्या दुसऱ्याला सोडणे आपल्या हातात नाही, असे त्याने नमूद केले. त्याच वर्षी १४ डिसेंबरला तो वारला. आता विचार करा: १२३ माणसांचे स्वातंत्र्य एका म्हातारीच्या मरणावर टांगून ठेवलेले, आणि ती म्हातारी त्यांच्याच हातचे अन्न खाणारी! पुढील अध्यक्षांची पत्नी ॲबिगेल ॲडम्स हिने १८०० सालच्या डिसेंबरात आपल्या बहिणीला लिहिले, की मार्थाबाईंना आपला जीव या लोकांच्या हाती सुरक्षित वाटत नाही. १ जानेवारी १८०१ रोजी मार्थाने ते १२३ जण मुक्त केले. इतिहासात ही गोष्ट औदार्याच्या रकान्यात लिहिली जाते. ती भीतीच्या रकान्यातही लिहिली पाहिजे.

पण मुक्तिपत्र हाती आले तरी कुटुंबे मुक्त झाली नाहीत. हर्क्युलिस नावाचा नामांकित आचारी वॉशिंग्टनच्या स्वतःच्या मालकीचा. तो १७९७ च्या फेब्रुवारीत, वॉशिंग्टनच्या वाढदिवशीच, पळून गेला होता आणि १८०१ साली कायद्याने मुक्त झाला. त्याची बायको ॲलिस मार्थाच्या हिश्शातली. ती आधीच वारली होती. पण रिचमंड, ईव्ह आणि डेलिया ही तिची तिन्ही मुले आईच्या खात्यातली, म्हणून ती गुलामच राहिली. बाप स्वतंत्र नागरिक, आणि लेकरे दुसऱ्याची मालमत्ता.

२२ मे १८०२ रोजी मार्था वारली. तिच्या हिश्शातली माणसे कायद्याप्रमाणे कस्टिस घराण्याकडे परत गेली आणि तिच्या चार नातवंडांत त्यांची वाटणी झाली. चार घरे चार ठिकाणी. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, आई तिसरीकडे. या माणसांपुरते मार्थाचे हात कायद्याने बांधलेले होते, हे मान्य केले पाहिजे. पण एलिश नावाचा एक गुलाम तिच्या स्वतःच्या, पूर्ण मालकीचा होता. त्याला सोडण्यास कोणाचीही आडकाठी नव्हती. मृत्युपत्रात तिने तो नातवाला देऊन टाकला.

येथपर्यंत श्रीमंतांची गोष्ट झाली. लहान गावात, मध्यम घरात काय होई, हे हॅरिएट जेकब्ज या गुलामगिरीतून सुटलेल्या बाईने १८६१ साली छापलेल्या आपल्या आत्मकथेत सांगितले आहे. तिची आजी मॉली हॉर्निब्लो ही उत्तर कॅरोलायनातील एडन्टन गावच्या एका खाणावळवाल्याच्या घरची गुलाम. धनी वारल्यावर ती त्याच्या विधवेकडे राहिली. दिवसभर घरचे काम करून रात्री ती स्वतःसाठी बिस्किटे भाजी आणि गावात विकी. त्यातून तिने आपली मुले विकत घेण्यासाठी तीनशे डॉलर साठविले. पै पै करून जमविलेले हे पैसे धनिणीने तिच्याकडून उसने मागून घेतले. शिवाय आपल्या पश्चात तुला मुक्त करीन, असे वचनही दिले.

धनीण वारली. मॉलीने व्यवस्थापकाकडे आपले पैसे मागितले. उत्तर मिळाले की इस्टेट बुडीत आहे आणि देणे देण्यास कायद्याची मनाई आहे. कारण गुलामाची मालमत्ता म्हणून काही असूच शकत नाही, मग त्याचे कर्ज कोठून असणार? त्या पैशांतून धनिणीने चांदीचे दीपदान घेतले होते, ते मात्र घरात राहिले. देणे बुडाले आणि दीपदान वारसांना मिळाले! वचनही मातीत गेले. १८२८ च्या नववर्षदिनी मॉली लिलावाच्या चौथऱ्यावर उभी राहिली. सारा गाव तिला ओळखत होता. धनिणीच्या म्हाताऱ्या बहिणीने पन्नास डॉलरची बोली लावली. त्यावर कोणीही बोली चढविली नाही. त्या बाईला सही करता येत नव्हती. कागदावर फुली मारून तिने मॉलीला घेतले आणि लगेच मुक्त केले. गावाने लाज राखली, एवढाच याचा अर्थ. कायद्याने राखली नाही.

असे लिलाव हा अपवाद नव्हता. दक्षिण कॅरोलिनातील कागदपत्रे तपासून थॉमस रसेल या अभ्यासकाने दाखविले आहे, की तेथील गुलामविक्रीपैकी सुमारे निम्मी विक्री कोर्टाच्या हुकमाने किंवा देखरेखीखाली होत असे: मयताचे कर्ज फेडण्यासाठी, वारसांत रोख वाटण्यासाठी. वारस अज्ञान असले तर पालक त्यांचे गुलाम दर नववर्षाला वर्षभराच्या भाड्याने देई, आणि त्या भाड्यातून वारसांचे शिक्षण होई. गुलामांचा व्यापारी हा तिकडच्या सभ्य समाजात हलका मानला जाई. पण न्यायाधीश, पालक आणि मृत्युपत्राचा व्यवस्थापक हे प्रतिष्ठित गृहस्थ होते, आणि व्यापाऱ्याचेच काम ते स्वच्छ हातांनी करीत होते.

१८३९ साली मिसिसिपी राज्याने विवाहित स्त्रीला स्वतंत्र मालमत्तेचा हक्क देणारा कायदा केला. अमेरिकेतील स्त्रियांच्या हक्कांच्या इतिहासात त्याचा उल्लेख अग्रभागी येतो. त्या कायद्यात पाच कलमे होती आणि त्यांपैकी चार गुलामांविषयी होती! नवऱ्याच्या कर्जापायी बायकोचे गुलाम जप्त होऊ नयेत, ही त्यातली मुख्य काळजी. गोऱ्या स्त्रिया या सर्व प्रकारात केवळ मूक साक्षीदार होत्या, हा समज आता टिकत नाही. स्टेफनी जोन्स-रॉजर्स या इतिहासकार बाईंनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, या स्त्रिया गुलाम विकत घेत, विकत, आणि आपल्या मालकीसाठी कोर्टात भांडत, हे पुराव्यांनिशी मांडले आहे. हक्क मिळणे ही चांगली गोष्ट. पण हक्क कशावर मिळाला, हेही विचारले पाहिजे.

आता दुसऱ्या विधवेकडे पाहू. वाड्यातल्या विधवेला तिसरा हिस्सा तरी होता. झोपडीतल्या विधवेला काय होते? गुलामांचे लग्न कायदा मानीत नसे. म्हणून ती कायद्याने बायको नव्हती आणि नवरा मेल्यावर विधवाही नव्हती. तिचा वाटा नाही, घर नाही, पोटची पोरेही तिची नाहीत. ओनी जजने पोर्टस्मथला पळून गेल्यावर जॅक स्टेन्स या खलाशाशी रीतसर लग्न केले. १८०३ साली तिला वैधव्य आले. कायद्याप्रमाणे ती मरेपर्यंत कस्टिसच्या वारसांची मालमत्ताच होती आणि तिची तिन्ही मुलेही. म्हातारपणी ती धर्मादाय मदतीवर जगली. भेटायला आलेल्यांनी विचारले, की वॉशिंग्टनच्या घरचे सुख सोडल्याचा पश्चात्ताप होतो का? तिने नाही म्हणून सांगितले. मी स्वतंत्र आहे, हे तिचे कारण. १८४८ साली ती वारली.

झोपडीतल्या विधवेला विधवा म्हणून मान्यता मिळाली ती युद्धात. १२ एप्रिल १८६४ रोजी टेनेसीमधील फोर्ट पिलो येथे दक्षिणेच्या सैन्याने शरण आलेल्या काळ्या सैनिकांची कत्तल केली. त्या ठाण्याचा प्रमुख मेजर बूथ हा गोरा अधिकारीही पडला. त्याची विधवा मेरी बूथ पुढच्याच महिन्यात अध्यक्ष लिंकनला भेटली. तिची मागणी अशी, की आपल्याला जे निवृत्तिवेतन मिळेल ते त्या काळ्या सैनिकांच्या बायकांनाही मिळावे. कागदोपत्री लग्न नाही म्हणून त्यांना वगळू नये. लिंकनने तिच्या हाती सिनेटर समनरला पत्र दिले आणि त्याच वर्षी जुलैत, एकत्र संसार केल्याच्या पुराव्यावर अशा विधवांना निवृत्तिवेतन देण्याचा कायदा झाला. एका विधवेने आपला हक्क दुसरीवर न उभारता दुसरीपर्यंत नेला, याचे हे उदाहरण. १८६५ साली घटनादुरुस्तीने गुलामगिरीच संपविली.

ही सारी दूरची हकीकत आपण का ऐकावी? एक तर ती आपल्याला नवी नाही. १८७३ साली महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलाम मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. त्यांनी ते नाते जोडले, कारण बटीक आणि कुणबीण हे शब्द आपल्याच भाषेतले आहेत. कंपनी सरकारने १८४३ साली कायदा करून गुलामीची कोर्टातली मान्यता काढून घेतली. पण वारशाने येणारा बांध तेवढ्याने तुटला नाही. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी कर्ज काढून आयुष्यभर सावकाराच्या शेतावर राबणाऱ्या आदिवासींना लग्नगडी म्हणत. १९४५ पासून गोदावरी परुळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारल्यांची जी चळवळ उभारली, तिचा एक घाव याच प्रथेवर होता. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठबिगारीची व्याख्या करताना, ‘वारशाने आलेल्या बांधिलकीपोटी करावे लागणारे काम’ असा प्रकार मुद्दाम नोंदविला आहे. ज्याने ते कलम लिहिले त्याला रोग ठाऊक होता. आणि विधवेच्या ‘खा, पण हात लावू नको’ या हक्काची गाठ १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने सोडविली. मर्यादित हक्काची ती पूर्ण मालकीण झाली. तिला न्याय देण्यासाठी कोणालाही मालमत्ता करावे लागले नाही, हे विसरू नये.

दुसरे कारण माझ्या धंद्यातले आहे. कामगारांच्या सभांत आम्ही ‘गुलामी’ हा शब्द सहज वापरतो. तो जपून वापरावा. कामगार आपले आठ तास विकतो आणि संध्याकाळी आपल्या मुलांकडे जातो. गुलाम स्वतःच विकला जात होता आणि मुले दुसऱ्याच्या वाट्याला जात होती. पण एक धडा दोन्हीकडे सारखा आहे. मालकाचे तोंडी वचन मालकाबरोबर जाते. करारावर सही असेल, तो कायद्याने बांधील असेल, तरच तो मालकाच्या मुलालाही पाळावा लागतो. मॉलीची धनीण कदाचित मनाने खरी असेल. वॉशिंग्टनला अखेरीस खरोखर बोचले असेल. पण धन्याची दया वारसांकडे जात नाही. मालकी मात्र बरोबर जाते. म्हणून मृत्युपत्रात उरलेल्या चांगुलपणावर कोणाचेही स्वातंत्र्य सोपवू नये. ते कायद्यात लिहून घ्यावे, आणि आपला हक्क मागताना तो कोणाच्या पाठीवर उभा राहणार आहे, हेही एकदा वाकून पाहावे.